एक रुपयात दिसणारी निवडणूक

बारामती-इंदापूरकडच्या राजकारणावर गप्पा सुरू झाल्या की कोण निवडून आलं, कोणी कोणाची साथ सोडली, यावरच रात्र सरते. मला मात्र कित्येक वर्षं ओढ आहे ती गुलाल धुतल्यानंतरच्या कागदांची. निकालापासून 30 दिवसांत प्रत्येक उमेदवाराने, अगदी डिपॉझिट गेलेल्यानेही, खर्चाचा हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यायचा, असं 1951च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 78वं कलम सांगतं. आणि 1961च्या निवडणूक नियमांतला 88वा नियम तर माझा फार लाडका. एक रुपया शुल्क भरा आणि तो हिशेब पाहा! पाहणाऱ्याने उमेदवार असायला नको, त्या मतदारसंघातला मतदारही असायला नको.

उमेदवाराला मिळणाऱ्या नोंदवहीची पानं तीन रंगांची असतात. पांढऱ्यावर रोजचा खर्च, गुलाबीवर रोकड, पिवळ्यावर बँकेचा हिशेब. अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडावं लागतं. संपूर्ण प्रचारात एका माणसाला किंवा दुकानाला 10,000 रुपयांहून जास्त रोख देता येत नाही, पुढची रक्कम बँकेमार्फतच जायला हवी. दुसरीकडे, निवडणूक यंत्रणाही प्रत्येक उमेदवाराची स्वतःची वही लिहीत असते, तिला शॅडो रजिस्टर म्हणतात. सभेचं चित्रीकरण करणारं पथक खुर्च्या, झेंडे, गाड्या टिपतं. कार्यालयात बसलेले लोक ते चित्रीकरण पाहून मोजदाद करतात आणि जिल्ह्याच्या दरपत्रकाने गुणतात. चहा, नाश्ता, जेवणाची थाळी, मंडप, ध्वनिक्षेपक, जीप, सगळ्याला दर ठरलेला. उमेदवाराच्या घरच्या शेतातला मंडप असला तरी त्याची किंमत लागते. हे दरपत्रक मी कादंबरीसारखं वाचतो. आपल्या तालुक्यात माणसं कशी जमवतात, त्यांना काय खायला घालतात, कशातून आणतात, याची इतकी नेमकी नोंद दुसऱ्या कुठल्याही सरकारी कागदात मला सापडलेली नाही.

प्रचार चालू असताना किमान तीनदा या दोन वह्या शेजारी ठेवून तपासतात. 2024च्या लोकसभेला बारामतीत सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार यांची लढत देशभर गाजली. 7 मेच्या मतदानाआधी झालेल्या तपासणीत दोघींच्याही हिशेबात तफावत निघाली आणि दोघींना नोटिसा गेल्या. वर्तमानपत्रांत त्याला चौकटीएवढी जागा मिळाली. माझ्या मते ती पहिल्या पानाची बातमी होती, कारण दोन्ही बाजूंना एकच फूटपट्टी लागल्याचं त्यात दिसत होतं.

मागचा इतिहास थोडक्यात. पक्षाने केलेला खर्चही उमेदवाराच्या नावावर धरा, असं सर्वोच्च न्यायालयाने 1974 साली कंवरलाल गुप्ता खटल्यात सांगितलं आणि त्याच वर्षी कायदा बदलून ते पुसलं गेलं. उमेदवाराच्या खर्चाची आजची मर्यादा महाराष्ट्रात लोकसभेला 95 लाख आणि विधानसभेला 40 लाख. पक्षाला मर्यादाच नाही.

म्हणूनच स्टार प्रचारकाचे नियम मी बारकाईने वाचतो. बारामतीच्या आकाशात निवडणुकीत हेलिकॉप्टरं घिरट्या घालतात. नेत्याच्या त्या प्रवासाचा खर्च पक्षाच्या खात्यात जातो, पण उमेदवार त्यात बसला की निम्मा त्याच्या वहीत येतो. नेत्याच्या सभेत उमेदवार मंचावर चढला किंवा तिथे त्याचा फोटो लागला, तर सभेच्या खर्चातही त्याचा वाटा धरतात. सभेत उमेदवार मंचाखाली का उभा, हे कोडं मला हा नियम वाचल्यावर सुटलं.

खरी धार मात्र गावात दिसते. ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असतात. सात किंवा नऊ सदस्यांच्या गावात सदस्यपदाच्या उमेदवाराला 2025पर्यंत 25,000 रुपयांची मर्यादा होती. हिशेब वेळेत दिला नाही आणि कारण पटलं नाही, तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या 14-ब कलमाने पाच वर्षं अपात्रता. लोकसभा-विधानसभेला हीच चूक तीन वर्षांची! इंदापूर तालुक्यातल्या माझ्या परिचयाच्या एका शेतकऱ्याने ग्रामपंचायत लढवली आणि तो हरला. ‘पडलो, आता कसला हिशेब?’ म्हणून तो उसाच्या तोडीला लागला. काही महिन्यांनी नोटीस आली तेव्हा पोस्टरवाल्याची पावतीही त्याच्याकडे उरली नव्हती. पाच वर्षांची बंदी मोठ्या पुढाऱ्याला जितकी बोचेल त्याहून जास्त त्याला बोचली, कारण राजकारणात त्याच्या हाती दुसरं काही नव्हतं.

राज्य निवडणूक आयोगाने पक्षांनाही जाब विचारला आहे. 2016 साली प्राप्तिकराची विवरणपत्रं आणि लेखापरीक्षित हिशेब न दिल्याबद्दल 191 पक्षांची नोंदणी रद्द झाली. पक्षालाही हिशेबावरून घरी पाठवता येतं, हे राज्याने दाखवून दिलं. आता त्या हिशेबाला वरची मर्यादा हवी. आणि ग्रामपंचायतीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाच्या हाती, चिन्ह वाटतानाच, 30 दिवसांच्या मुदतीचा मोठ्या अक्षरांतला कागद द्यायला हवा.