क्षमा हीच पारायणाची फलश्रुती

आपल्याकडील बहुतेक स्तोत्रांच्या शेवटी फलश्रुती असते. या पाठाने कोणता लाभ होईल, हे तेथे सांगितलेले असते. नारदांच्या गादीवर उभे राहून हरिकथा सांगण्यात माझे आयुष्य गेले. कथा संपल्यावर एखादे वृद्ध गृहस्थ जवळ येऊन विचारतात, "बुवा, इतकी पारायणे केली, पण फळ मिळाले, हे ओळखावे कसे?" मी त्यांना एवढेच सांगतो की पोथी बांधून ठेवल्यावर, ज्या भावाशी आपले बोलणे बंद आहे त्याच्या दाराशी आपली पावले वळतात का, ते पाहावे. श्रीमद्भगवद्गीतेने भक्ताची लक्षणे सांगताना त्यास क्षमावान म्हटले आहे आणि दैवी संपत्तीतही क्षमेची गणना केली आहे. तेव्हा क्षमा हे पाठाचे फळ होय, यात संशय नाही.

चैत्राच्या आगेमागे ख्रिस्ती बांधवांचा उत्तम शुक्रवार येतो. येशू ख्रिस्ताच्या मरणाचा तो स्मरणदिन. त्या दिवशी मंदिरांतून क्रुसावरील सात उद्गारांचे निरूपण होते. त्यांतील पहिला उद्गार म्हणजे, आपणांस खिळे ठोकणाऱ्यांना त्यांच्या अज्ञानास्तव क्षमा व्हावी, अशी पित्याजवळ केलेली याचना. वेदनेचे, तहानेचे शब्द त्यानंतर येतात. क्षमा आधी, स्वतःचे दुःख मागून. हा क्रम भाविकाने ध्यानी घेण्याजोगा आहे.

श्रद्धाळू ख्रिस्ती कुटुंबात शास्त्रवाचन हा नित्यनेम असतो. प्रार्थनेच्या वेळी घरातील मंडळी एकत्र बसतात, एकजण अध्याय वाचतो, इतर ऐकतात. आपल्याकडे तिन्हीसांजेला शुभंकरोती व्हावी आणि मग हरिपाठ व्हावा, तसाच हा प्रकार. मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाच ते सात हे अध्याय, म्हणजे डोंगरावरील प्रवचन, या वाचनाचा गाभा होत. त्यात एक विलक्षण आज्ञा आहे. वेदीपाशी अर्पण घेऊन गेला असता, आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवावे, आधी भावाशी समेट करावा आणि मग येऊन ते वाहावे. पूजेचे ताट देवासमोर ठेवून माणसाने शेजारच्या घरी जावे, असेच हे सांगणे. देव तोवर वाट पाहील!

पुढे अठराव्या अध्यायात पेत्र नावाचा शिष्य विचारतो की अपराध्याला किती वेळा क्षमा करावी, सात वेळा पुरे काय? गुरू उत्तर देतात, सातच्या सत्तरपट. हे वाचताना मला आपल्या पैठणच्या नाथमहाराजांची आख्यायिका आठवते. गोदास्नान करून येताना एकजण त्यांच्या अंगावर थुंकत राहिला आणि महाराज प्रत्येक वेळी शांतपणे परत स्नानास गेले. एकशेआठ वेळा असे घडले म्हणतात. ही मोजणी पाहणाऱ्यांनी केली, नाथांनी नव्हे. जो हिशेब ठेवतो, त्याने क्षमा केलेलीच नसते. सत्तरपट सातांचे मर्मही हेच.

असो. पूर्वरंग पुष्कळ झाला. आता आख्यानाकडे वळू. हे आख्यान परक्या देशातले नव्हे. त्याची वाट आमच्या जिल्ह्यातून गेली आहे.

वैनगंगेच्या तीरी असलेल्या आमच्या पवनीला विदर्भाची काशी म्हणतात. याच नदीवरून, वरच्या अंगाला, नागपूरहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग जातो. भंडारा रोड, तुमसर रोड, मग वैनगंगेचा पूल, पुढे १९९९ पर्यंत आमच्याच जिल्ह्यात असलेले गोंदिया आणि त्यापलीकडे राजनांदगाव. १८९३ साली या राजनांदगावास जाणाऱ्या गाडीत नारायण वामन टिळक बसले होते. जन्म १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. संस्कृताचे व्यासंगी, कवी, कथाकीर्तनात रमणारे आणि धर्माच्या शोधात अस्वस्थ झालेले. प्रवासात एका गोऱ्या मिशनरी गृहस्थांनी त्यांना आदराने वागविले, काव्यचर्चा केली आणि निरोप घेताना नव्या कराराची प्रत हाती दिली. हे पुस्तक वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही त्यांनी केले. टिळकांना ते रुचले नाही. परंतु वाचण्याचे वचन त्यांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे गुंतले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

धर्मांतर युक्त की अयुक्त, हा वाद येथे मांडावयाचा नाही. परंतु सुज्ञ वाचकांच्या मनात जो प्रश्न उभा राहिला असेल, तो टाळणेही बरे नव्हे. पतीला ग्रंथ सापडला. पण पत्नीचे काय? लक्ष्मीबाई या नाशिकजवळच्या जलालपूरच्या, गोखल्यांच्या घरच्या. वडिलांचे सोवळे इतके कडक की बाहेरून आलेली वस्तू धुतल्यावाचून घरात यावयाची नाही. अशा घरी वाढलेल्या या बाईंना न विचारता त्यांचा संसार मोडला. पती जिवंत असून नसल्यासारखा. पदरी लहान दत्तू. समाजाची बोटे त्यांच्याकडे वळलेली. सुमारे पाच वर्षे पतिपत्नींची ताटातूट झाली. ज्या हातात क्षमेचे पुस्तक होते, त्याच हातून हा घाव झाला होता. म्हणून या कथेत क्षमेची खरी परीक्षा टिळकांची नव्हे, लक्ष्मीबाईंची झाली.

पुढे त्या पतीकडे गेल्या त्या स्वधर्म सांभाळून. चूल वेगळी, सोवळे वेगळे. टिळकांनी सक्ती केली नाही. पुस्तकात वाचलेली सहनशीलता आता त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याबाहेर उभे राहून आचरावी लागली. बाईंचे शिक्षण बेताचे. पण विचार स्वतंत्र होता. जातिभेद ईश्वराने केले की माणसांनी, या प्रश्नाचा त्यांनी आपल्या मनाशी छडा लावला, ते माणसांनीच केले असे ठरविले आणि त्याप्रमाणे आचार बदलला. १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर या जोडप्याने किती तरी निराधार मुलांना आपल्या घरी आसरा दिला.

टिळक तापट होते, हे जगाला लक्ष्मीबाईंनीच सांगितले. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या त्यांच्या आत्मकथेत पतीचा राग, त्यांचा लहरी स्वभाव, जवळचे सारे दुसऱ्यास देऊन टाकण्याची सवय, वियोगाचे दिवस, यांपैकी काहीही लपविलेले नाही. तरीही त्या ग्रंथात कडवटपणाचा थेंब नाही; आहे तो मिस्कील हसू आणि अपार माया. झालेले विसरणे म्हणजे क्षमा, असे आपण समजतो. लक्ष्मीबाई काहीच विसरल्या नाहीत. सारे आठवले, फक्त आठवणीतला काटा गळून पडला होता. क्षमेची याहून चांगली व्याख्या शास्त्रात शोधूनही मला सापडलेली नाही.

टिळकांनीही जुने नाते तोडले नाही. तुकोबांच्या अभंगांनीच आपणांस ख्रिस्ताच्या पायाशी पोचविले, असे ते मानीत. त्यांनी स्वतः अभंग रचले, कीर्तनाची परंपरा ख्रिस्ती उपासनेत रुजविण्यासाठी झटले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोहोंना जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते निवर्तले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे काव्य अपुरे राहिले होते. ते पुढे कोणी पूर्ण केले? एकेकाळी त्याच ग्रंथापायी ज्यांचा संसार उधळला गेला, त्या लक्ष्मीबाईंनी! १९३६ साली त्यांनीही देह ठेवला.

भाविकहो, आपला ग्रंथ आपणांस प्रिय आहे. तो तसाच राहो. शेजाऱ्याच्या ग्रंथाची फलश्रुती पाहून आपल्या पारायणाची पारख करण्यास मात्र हरकत नाही. रामनवमीचे नवरात्र असो वा चातुर्मास, पोथीपुढे बसण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटावे. ज्याच्याशी अबोला आहे, असा कोणी आठवतो काय? बांधावरून, वाटणीवरून, लग्नातील मानपानावरून तुटलेला भाऊ, बहीण, सून? आठवला, तर समई लावलेली असू द्यावी, ताट मांडलेले असू द्यावे आणि आधी त्याच्या घरी जाऊन यावे. परतल्यावर जो अध्याय वाचाल, तोच खरा पहिला अध्याय.