रणगाड्याचा खरा रंग

दिवसभराच्या रुग्णसेवेनंतर मनाला विसावा देणारा एखादा छंद प्रत्येक डॉक्टरने जोपासावा, असे आपले ज्येष्ठ नेहमी सांगत. आपल्यापैकी कोणी संवादिनी वाजवतो, कोणी बागेत रमतो. बोरगावच्या माझ्या दवाखान्यामागील खोलीत मी ब्रिटिश अमदानीतील रणगाड्यांच्या प्रतिकृती जुळवतो. मूळ रणगाड्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याएवढी ही लहानशी वस्तू. परंतु तिने मला निदानाचा एक मोठा धडा दिला.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. 'ग्रँट' जातीचा रणगाडा मी खोक्यावरील चित्राबरहुकूम वाळूच्या पिवळसर रंगात रंगवला आणि खाली मोठ्या अभिमानाने पाटी लावली : 'इंफाळ, १९४४'. तपासणीसाठी आलेले एक वृद्ध रुग्ण तो बराच वेळ न्याहाळत राहिले. तरुणपणी ते ब्रह्मदेशाच्या आघाडीवर रणगाडे दुरुस्त करणाऱ्या तुकडीत होते. ते म्हणाले, "डॉक्टरसायेब, आमच्या टँकले असा पिवळा रंग नोयता. हिरवा होता, काळपट. अन् वरून चिखल." मी हसून मान डोलावली. उतारवयातील स्मृतीवर किती विसंबावे, असे मनात म्हणालो आणि त्यांचा रक्तदाब मोजू लागलो.

पुढे जिज्ञासेने वाचन वाढले, तेव्हा उलगडा होत गेला. 'ग्रँट' गाजला तो १९४२ साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात; खोक्यावरचे चित्र तिथले होते. ब्रिटिश सैन्याचे रंग त्या त्या रणभूमीनुसार, आणि पुष्कळदा टंचाईनुसारही, बदलत. हिरव्या रंगासाठी लागणारे क्रोमियम ऑक्साइड दुर्मीळ झाले, तेव्हा इंग्लंडमधील वाहनांवर तपकिरी रंग आला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी मात्र अधिकृत रंगतक्त्यातील तेराव्या क्रमांकाचा 'जंगल ग्रीन' ठरला होता : मळकट, काळपट हिरवा. म्हणजे त्या वृद्धांचे शब्द जणू तक्त्यातूनच उचलले होते!

तरीही डोळ्यांनी खात्री करावी म्हणून अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) रणगाडा संग्रहालयात गेलो. १९९४ साली सुरू झालेल्या या संग्रहालयात माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांना हात लावता येईल इतक्या जवळून पाहता येते. आकार, रिव्हेट, पट्टे यांचा अभ्यास तिथे उत्तम होतो. रंगाचा मात्र होत नाही. ऊन-पावसात उभ्या असलेल्या लोखंडाला गंजापासून वाचवण्यासाठी पुनःपुन्हा रंग द्यावाच लागतो. वरचा थर हा जतनाचा पुरावा, युद्धाचा नव्हे. कृष्णधवल छायाचित्रेही फसवी. जुन्या काही फिल्मना लाल रंग दिसतच नसे; त्यामुळे तो जवळजवळ काळा उमटे. क्ष-किरण चित्रावरची प्रत्येक सावली क्षयाची नसते, हे आपण जाणतोच.

रंग जुळवतानाही आपली वैद्यकीय सवय कामी आली. कावीळ पाहायची तर रुग्णाला खिडकीशी न्यावे, असे आपल्याला शिकवले जाते. ट्यूबलाइटखाली जुळलेला हिरवा सकाळच्या उन्हात निराळाच निघतो. शिवाय लहान वस्तूवर मूळ रंग हुबेहूब लावला, तर तो अधिक गडद भासतो. म्हणून त्यात किंचित फिका रंग मिसळावा लागतो.

एका डबीभर रंगासाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी विचारील. १३ एप्रिल १९४४ रोजी इंफाळजवळच्या नुन्शिगुम टेकडीच्या अरुंद कड्यावर असेच रणगाडे डोग्रा पायदळासोबत चढले. त्या हल्ल्यातील सारे ब्रिटिश अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. तेव्हा रणगाड्यांचा एक सार्जंट मेजर आणि डोग्रांचे सुभेदार यांनी चढाई पुढे नेली व टेकडी जिंकली. त्या माणसांच्या नावाची पाटी लावायची, तर खाली रणगाडा तरी त्यांचाच असावा.

मी तो पिवळा थर खरवडून काढला, काळपट हिरवा दिला आणि चाकांवर चिखल चढवला. तो दाखवायला निघालो, तेव्हा त्या वृद्धांना जाऊन वर्ष लोटले होते. त्यांच्या मुलाने तो हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "बाबा असाच सांगत होते."

रुग्णाने सांगितलेला इतिहास हे निम्मे निदान, असे आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. मी मात्र त्या दिवशी खोक्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवला आणि समोर बसलेल्या साक्षीदारावर नाही. तो हिरवा रणगाडा आज माझ्या टेबलावर, रक्तदाबमापकाशेजारी उभा आहे. रुग्ण बोलू लागला, की माझी नजर आधी तिकडे जाते.