साडेपाचला थांबणारं रेकॉर्डिंग

कोल्हापुरात सनई कानावर आली की आपण दोनच गोष्टी गृहीत धरतो: महाद्वारावरचा नगारखाना, नाहीतर कुणाच्या तरी दारातला मांडव. म्हणून 'वंडरवॉल म्युझिक' ही तबकडी लावली की आपला कान सुरुवातीलाच बुचकळ्यात पडतो. पहिल्या तुकड्याचं नाव 'मायक्रोब्स', म्हणजे जंतू. आणि वाजताहेत सनया! ज्या चित्रपटासाठी त्या वाजल्या, त्यात लग्न नाही की देऊळ नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा एक एकटा प्राध्यापक भिंतीच्या भोकातून शेजारच्या मॉडेल तरुणीला बघत राहतो, एवढीच 'वंडरवॉल'ची गोष्ट.

दिग्दर्शक जो मॅसॉटने संगीत मागितलं तेव्हा बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनने, पार्श्वसंगीत आपल्याला येत नाही, असं सांगून टाकलं होतं. तू जे देशील ते मी वापरीन, असं मॅसॉटचं उत्तर. चित्रपटात संवाद अगदी थोडे, त्यामुळे संगीताला मैदान मोकळं होतं. हॅरिसन स्टॉपवॉच घेऊन चित्रपट बघायला बसला आणि कुठे किती सेकंद भरायचे ते त्याने टिपून घेतलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये लंडनला काम सुरू झालं. जानेवारी १९६८ मध्ये तो मुंबईत आला.

१९६६ च्या सप्टेंबरातही तो मुंबईला आला होता, पण रविशंकरांचा शिष्य म्हणून, सतार शिकायला. या खेपेला त्याने स्वतःची सतार बाजूला ठेवली. मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या तुकड्यांत वाजवणारे सगळे इथलेच. तबकडीच्या वेष्टनावर हॅरिसनचं नाव रचनाकार आणि निर्माता म्हणून आहे, वादकांच्या यादीत नाही. माझ्या मते या सगळ्या उद्योगातला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय. दोन वर्षं सतार हाती धरलेला माणूस आशिष खाँच्या सरोदशेजारी बसता, तर लक्ष कुणाकडे गेलं असतं? आणि ऐकायला काय मिळालं असतं? त्याने आपल्याकडच्या संगीतकारासारखं काम केलं. वादक जमवले, प्रसंग समजावला, लांबी सांगितली.

एचएमव्हीचा स्टुडिओ फोर्टात, फिरोजशहा मेहता रस्त्यावर, कचेऱ्यांच्या वरच्या मजल्यावर होता. बाहेरचा आवाज अडवायची सोय जवळजवळ नव्हतीच. साडेपाचला कचेऱ्या सुटल्या की जिन्यावरून पावलांचा असा दणदणाट व्हायचा की रेकॉर्डिंग थांबवावं लागे, असं हॅरिसनने पुढे सांगितलं आहे. काही तुकड्यांत रस्त्यावरून जाणाऱ्या टॅक्सीही ऐकू येतात म्हणे. स्टुडिओतलं यंत्र जुनं, मोनो. मग एचएमव्हीच्या विजय दुबे यांनी कलकत्त्याहून दोन ट्रॅकचं यंत्र आणवलं.

या दोन ट्रॅकची गंमत 'लव्ह सीन'मध्ये कळते. आशिष खाँनी आधी एक सरोद वाजवली आणि मग तीच ऐकत तिला उत्तर देणारी दुसरी. माणूस एक आणि जुगलबंदी! तबल्यावर महापुरुष मिश्र. या तुकड्याला चार मिनिटं मिळाली, पण 'गत किरवाणी' सव्वा मिनिटात आटोपते. किरवाणी निवडली जाणं साहजिकच होतं. कर्नाटक संगीतातून आलेला हा राग. त्यातले कोमल गंधार, कोमल धैवत आणि शुद्ध निषाद म्हणजे थेट पाश्चात्त्यांची हार्मोनिक मायनर. लंडनच्या कानाला तो परका वाटत नाही. 'क्रायिंग'मध्ये विनायक व्होरांची तारशहनाई आहे. नाव शहनाई असलं तरी हे वाद्य फुंकायचं नसतं. ती कर्णा जोडलेली इसराज, गजाने वाजवायची. जुन्या हिंदी चित्रपटात नायिकेचे डोळे भरून आले की मागे हमखास जे विव्हळतं, ते हेच. हॅरिसननेही तिला रडायचंच काम दिलं. या बाबतीत तो आपल्या मंडळींहून फार वेगळा निघाला नाही.

सव्वा मिनिटात राग कसला होतो, असं म्हणणारे जाणकार भेटतात. कोल्हापूरच्या माणसाने तरी हे म्हणू नये. शाहू महाराजांच्या दरबारी गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची. १९३२ मध्ये 'प्रभात'ने इथेच 'अयोध्येचा राजा' हा चित्रपट केला. संगीत गोविंदराव टेंबे यांचं आणि राजा हरिश्चंद्रही तेच. बैठकीत तासन्‌तास पेटी वाजवणारा हा माणूस प्रसंगाच्या मापाने चाली बेतत होता. कापड तेच, फक्त अंगरख्याऐवजी बंडी शिवायची. शिवणाऱ्याचा हात मात्र बसलेला हवा, आणि मुंबईच्या त्या खोलीत तसे हात भरपूर होते. म्हणूनच लंडनमध्ये केलेले काही रॉकचे तुकडे आज थकल्यासारखे वाटतात, फोर्टातले वाटत नाहीत.

काम संपता संपता थोडा वेळ उरला, तेव्हा हॅरिसनने आणखी एक चाल मुद्रित करून घेतली. तिच्यावर पुढे लंडनमध्ये शब्द गायले गेले आणि मार्च १९६८ मध्ये 'द इनर लाइट' हे गाणं 'लेडी मॅडोना'च्या मागच्या बाजूला आलं. बीटल्सच्या सिंगलवर हॅरिसनचं गाणं प्रथमच येत होतं. त्यात बासरी हरिप्रसाद चौरसियांची आहे.

'वंडरवॉल म्युझिक' १ नोव्हेंबर १९६८ ला ब्रिटनमध्ये निघाली. बीटल्सच्या ॲपल कंपनीची ही पहिली मोठी तबकडी, एकूण १९ तुकडे. वेष्टनावर वादकांची नावं छापली, हे हॅरिसनचं मोठेपण. आपल्या चित्रपटांत तेव्हा वादकाचं नाव कोण छापत होतं? पण स्पेलिंगांची पार चटणी झाली. संतूरवाले शिवकुमार शर्मा तिथे 'शेर्मार' झाले, सतारिये इंद्रनील भट्टाचार्य 'इंद्रिल' झाले. बासरीवाले एस. आर. केंकरे मात्र सहीसलामत सुटले. सनईवाले दोन आहेत, शरद आणि हनुमान. दोघांचं आडनाव 'जादेव' छापलंय. मराठी माणसाला ते 'जाधव' वाचायला क्षणभरही लागत नाही. 'मायक्रोब्स'मधल्या त्या सनया या दोघांच्याच.