हाक्यापासून तारेपर्यंत
रान आणि गाव : लेखांक ७

मागील लेखांकात वनहक्क कायद्याने गावांना काय दिले ते पाहिले. त्याने जाणूनबुजून काय वगळले, ते या लेखांकात पाहायचे आहे. २००६ च्या या कायद्याचे कलम ३ गौण वनोपज, चराई, जलाशयांतील मासळी असे हक्क मान्य करते आणि शेवटी ‘इतर कोणताही पारंपरिक हक्क’ अशी मोकळी जागाही ठेवते. मात्र शिकार करण्याचा, फासे लावण्याचा आणि वन्यप्राण्याच्या शरीराचा भाग काढून घेण्याचा हक्क तेथेच नावानिशी बाजूला काढला आहे. भंडारा जिल्ह्यात याचा अर्थ असा होतो की, रानातल्या तलावात जाळे टाकणाऱ्या ढिवराला निदान आपला दावा मांडता येतो, पण त्याच तलावाच्या पाळीवर सशासाठी फास मांडणारा गोंड शेतकरी गुन्हेगार ठरतो.

१९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ बोलीतल्यापेक्षा बराच रुंद आहे. ठार मारण्याबरोबरच पकडणे, फासात अडकवणे, विष घालणे, हाकून काढणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे, हे सारे त्यात येते. ‘हाका’ म्हणजे गावच्या पुरुषांनी रानाचा एक तुकडा घेरून, आरडाओरडा करीत, जनावर दबा धरून बसलेल्यांकडे वळवण्याची पद्धत. ती उघड होती, अनेकांची होती, आणि मध्य भारतातील पुष्कळ गावांत मांसाचे वाटे कसे पडावेत याचे नेमही तिच्यासोबत ठरलेले असत. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतातील सरकारी रान ब्लॉक पाडून परवान्यावर शिकारीला दिले जाई, आणि साहेबाच्या बंदुकीपुढे वाघ काढण्यासाठी हेच गावकरी हाकारे म्हणून नेले जात. त्यामुळे एकाच कृत्याला कुणाची मौज आणि कुणाचा अपराध मानायचे, ही वाटणी १९७२ च्या बरीच आधी झालेली होती. स्वतंत्र भारताच्या कायद्याने ती मौजही थांबवली, हे त्याचे मोठे काम आहे, आणि नागझिऱ्यात आज वाघ आहे तो मुख्यतः त्यामुळेच.

संरक्षित क्षेत्र वाढत गेले तशी रानाची कड आणि धानाच्या बांध्या एकमेकींना अधिक भिडल्या. नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. पवनी तालुक्याला स्पर्श करणारे उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ मध्ये आणि कोका अभयारण्य २०१३ मध्ये घोषित झाले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. दाणा भरू लागला की रानडुकरांचा कळप रात्रीतून बांधीत उतरतो. तो खातो त्याहून अधिक तुडवतो, आणि पुढे कापलेल्या कडपा व रचलेले पुंजणेही त्याच्यापासून सुटत नाहीत. जागलीला माळ्यावर बसणाऱ्याने टेंभा फिरवावा, डबा वाजवावा, एवढेच त्याच्या हाती उरते.

राजकारण पेटले ते याच ठिकाणी. वन्यजीव कायद्याचे कलम ११ उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या काही प्राण्यांना मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाला देते, आणि कलम ६२ एखाद्या प्राण्याला ठरावीक भागात व ठरावीक काळापुरते उपद्रवी घोषित करण्याचा अधिकार केंद्राला देते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये रानडुक्कर व रोही (नीलगाय) यांच्याबाबत परवानगीची वाट मोकळी केली. २०१६ च्या जूनमध्ये केंद्रीय मंत्री मनेका गांधी यांनी चंद्रपूरच्या रानडुकरांचा उल्लेख करून आपल्याच सरकारच्या पर्यावरण मंत्रालयावर जाहीर टीका केली, तेव्हा पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी राज्यांच्या मागणीकडे बोट दाखवले. या वादात प्राण्याचा जीव आणि शेतकऱ्याचे पीक हे दोनच पक्ष धरले गेले. शिकारीची रीत असलेल्या गावाला तिसरा पक्ष म्हणून कोणी धरले नाही. कलम ३९ प्रमाणे परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते, म्हणजे मारण्याला संमती मिळाली तरी वाट्याला मिळत नाही.

बंदी आणि परवाना यांच्या मधल्या अंधारात तार आली. धुऱ्यालगत खुंट्या ठोकून जमिनीपासून वीतभर उंचीवर उघडी तार ओढायची, वरच्या वाहिनीवर आकडा टाकायचा आणि पहाटे तो काढून घ्यायचा, एवढेच ‘करंट लावणे’. हाक्यात जनावर दिसल्यावर सोडून देता येत असे. तार मात्र डुक्कर, वाघ आणि पाणी धरायला निघालेला शेजारी यांच्यात काही फरक करीत नाही. उमरेड-कऱ्हांडल्याच्या प्रसिद्ध ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीड परिसरात अशाच विजेच्या तारेने मेला. हाका परत आणल्याने हे थांबेल असे मानणे भाबडेपणाचे होईल, कारण रानही तेवढे उरलेले नाही. पण उघड रीत मोडली की तिची जागा चोरटे साधन घेते, हे धोरण आखणाऱ्यांनी फार उशिरा ओळखले.

परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी वन्यजीव कायद्यावर कठोर टीका करून नियंत्रित शिकारीची बाजू मांडली, तर केरळने २०२२ मध्ये रानडुकरांबाबतचा परवानगीचा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांकडे सोपवला. खुद्द १९७२ च्या कायद्याने, कलम ६५ मध्ये, निकोबार बेटांवरील अनुसूचित जमातींचे शिकारीचे हक्क अबाधित ठेवले आहेत, तेव्हा रीत आणि संरक्षण यांची सांगड कायद्याला अपरिचित नाही. वनहक्क कायद्याच्या कलम ५ ने वन्यजीव राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि डुकराविषयीची परवानगीही याच ग्रामसभेच्या ठरावावर यावी, हे त्याच्याशी सुसंगत ठरेल. पंचनामा आणि भरपाई यांचा विचार पुढील लेखांकात होईल.