हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतरची खरी विश्रांती

हृदयावर शस्त्रक्रिया झालेला माणूस घरी परतला की घरची मंडळी त्यास खाटेवरून हलू देत नाहीत. यात प्रेम आहे खरे. परंतु नुसते पडून राहणे म्हणजे विश्रांती नव्हे. देह खाटेवर आणि मन भीतीने व्याकूळ, अशा स्थितीत नाडी जलद चालते, रक्तदाब चढतो आणि सावरू पाहणाऱ्या हृदयावरचा भार वाढतो. विश्रांतीही शिकावी लागते, असे आम्हांस वाटते.

प्रथम श्वास. पाठीशी उशी घेऊन टेकून बसावे व एक हात पोटावर ठेवावा. नाकाने सावकाश श्वास घ्यावा. पोट हलकेच वर येईल. मग त्याहूनही सावकाश तो सोडावा. श्वास कोंडून धरू नये.

दुसरी रीत स्नायूंची. अमेरिकेतील डॉ. एडमंड जेकबसन यांनी १९२९ साली आपल्या ग्रंथात एकेक स्नायू आवळून मग सैल सोडण्याची पद्धत मांडली. मात्र छातीचे हाड कापून शस्त्रक्रिया झाली असल्यास ते सांधण्यास साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर छाती, खांदे व हात आवळू नयेत. पायांच्या बोटांपासून कपाळापर्यंत एकेक अवयव केवळ सैल सोडीत जावा.

तिसरी रीत मनाची. हार्वर्डचे डॉ. हर्बर्ट बेन्सन यांनी १९७५ साली सांगितले की, १० ते २० मिनिटे शांत बसून प्रत्येक उच्छ्वासाबरोबर एखादा आवडता शब्द मनात म्हणावा. मन भरकटले तर न रागावता त्यास परत आणावे. इटलीतील डॉ. लुचानो बर्नार्दी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली २३ निरोगी माणसांची पाहणी प्रसिद्ध केली. लॅटिन भाषेत जपमाळेची प्रार्थना म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे ६ वेळा इतका मंद झाल्याचे तीत आढळले. आपल्या घरांतील सायंप्रार्थना घाईने न उरकता संथपणे म्हटली, तर रुग्णासही तिची सोबत होईल.

हे उपाय औषधांची जागा घेत नाहीत. गोळ्या व डॉक्टरांनी नेमून दिलेले चालणे चुकवू नये. चक्कर आल्यास थांबावे. छातीत कळ आल्यास वा धाप लागल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे.

कुटुंबीयांचेही एक कर्तव्य आहे. भेटीस येणाऱ्यांची गर्दी आवरावी आणि रुग्णाजवळ बसून त्याचे भय ऐकून घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर उदास वाटणे हा दुबळेपणा नव्हे. ते अनेकांस वाटते. ती उदासी आठवडे उलटूनही सरेना, तर तीही डॉक्टरांच्या कानी घालावी.