बारा ब्रीथ
बारा ब्रीथ हा वेल्समधील सुक्या फळांचा पारंपरिक गोड पाव आहे. वेल्श भाषेत ‘बारा’ म्हणजे पाव आणि ‘ब्रीथ’ म्हणजे ठिपकेदार. मराठीतील बारा या संख्येशी या नावाचा संबंध नाही. कापलेल्या तुकड्याच्या तपकिरी गाभ्यात मनुका-बेदाण्यांचे ठिपके दिसतात, त्यावरून हे नाव पडले.

यीस्ट आणि चहा

आज प्रचलित असलेला बारा ब्रीथ बेकिंग पावडरने फुगवतात, त्यामुळे पोताच्या दृष्टीने तो केकच ठरतो. जुना प्रकार मात्र नावाप्रमाणे खरोखर पाव होता. यीस्ट घालून मळलेल्या पिठात चरबी किंवा लोणी, साखर, मसाला व सुकी फळे मिसळून तो फुगू देत आणि मग भाजत. यीस्टची पद्धत अजूनही टिकून आहे. परंतु तिला वेळ लागतो, म्हणून घरोघरी चहाची पद्धत रूढ झाली.

या पद्धतीत मनुका, बेदाणे व साखर गरम कोऱ्या चहात रात्रभर भिजवतात. (दूध घालून उकळलेला चहा येथे चालत नाही.) कोरडी फळे तशीच घातली, तर ती पिठातील ओलावा शोषून घेतात आणि पाव कोरडा होतो, भिजलेली फळे टपोरी व मऊ राहतात. उरलेला चहा गाळून न टाकता पिठातच जातो. त्याने गाभ्याला रंग येतो आणि चहाच्या किंचित तुरटपणामुळे गोडी बोचत नाही. सकाळी त्यात मैदा, अंडे आणि दालचिनी-जायफळासारखा मसाला मिसळून, लांबट साच्यात घालून मंद आचेवर भाजतात.

खाण्याची रीत

चहाच्या प्रकारात बहुधा लोणी किंवा तेल नसते. त्यामुळे तुकड्यावर खारे लोणी लावणे ही केवळ हौस नव्हे. पाकृतीतील उणीव त्याने भरून निघते. भाजल्यावर लगेच कापण्यापेक्षा डब्यात एक-दोन दिवस ठेवल्यास तो अधिक ओलसर व चवदार लागतो. चहाबरोबर तो एरवीही खातात; १ मार्च या संत डेव्हिड दिनी तो आवर्जून केला जातो.

वेल्सबाहेर

१८६५ मध्ये ‘मिमोसा’ जहाजातून सुमारे दीडशे वेल्श स्थलांतरित अर्जेंटिनातील पॅटागोनियात पोहोचले. तेथील गायमान गावातील वेल्श चहागृहांत ‘तोर्ता नेग्रा’ हा काळसर फळांचा केक मिळतो. तो बारा ब्रीथचाच अवतार असल्याचे अनेकदा म्हटले जाते, पण तो अधिक जड असून त्यात सुकामेवा व मद्यही घालतात. आयर्लंडमधील बार्मब्रॅक हा पाव त्यापेक्षा जवळचा नातलग आहे; त्याचीही यीस्टची आणि चहाची अशी दोन्ही रूपे आढळतात.