मोसम बदलला की श्वासाची रीतही बदला

आमच्या अम्मींना दमा आहे. गेल्या डिसेंबरात फजरच्या नमाजनंतर त्या गच्चीवर गेल्या आणि उन्हाळ्यात शिकलेला जलद श्वासाचा व्यायाम करू लागल्या. दहा मिनिटांत छाती भरून आली, इनहेलर द्यावा लागला. चूक आमचीच. व्यायाम चालू ठेवला, पण मोसम पाहिला नाही.

थंडीत पहाटेची हवा गार, कोरडी असते. धूर-धूळही जमिनीलगत साचते. अशा हवेने दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळतात. म्हणून आता अम्मी ऊन वर आल्यावर, घरात बसून, नाकानेच सावकाश श्वास घेतात. नाकातून जाताना हवा कोमट, ओलसर आणि गाळलेली होते. बाहेर जाताना नाकातोंडावर ओढणी असते.

उन्हाळ्यात जोरजोराने श्वास घेण्याचे प्रकार टाळावेत. निरोगी माणसाने जिभेची नळी करून हवा आत ओढावी व नाकाने सोडावी. या शीतलीने गारवा वाटतो. रोज्यात मात्र ती नको, तोंड कोरडे पडते. रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे मोसम फिरून येतो. २०१८ साली तो मे-जूनच्या उकाड्यात होता. २०३० मध्ये जानेवारीत येईल आणि डिसेंबरअखेरीस पुन्हा सुरू होईल. तेव्हा रोज्यातला व्यायामही मोसम पाहूनच ठरवावा.

पावसाळ्यात भिंतींची ओल आणि बुरशी दम्याला चाळवते. ओले कपडे वाळत घातलेल्या खोलीत व्यायाम करू नये. पाऊस थांबला की खिडक्या उघडाव्यात. धाप लागल्यास नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यावा आणि शिट्टी वाजवल्यासारखे ओठ करून चार आकडे मोजत सोडावा.

वुजूत नाकात पाणी घेताना धूळही धुऊन निघते, ही बारमाही सोय आहे. रोज्यात मात्र पाणी जोरात ओढू नये.

रक्तदाब, हृदयविकार किंवा गरोदरपण असेल तर जलद श्वासाचे प्रकार करू नयेत, श्वास कोंडून धरू नये. व्यायाम हा औषधाचा पर्याय नव्हे. रोज्यात इनहेलरचे काय, हे डॉक्टर आणि आलिम या दोघांना रमजानपूर्वीच विचारून घ्यावे.

अम्मी आता सकाळी आधी खिडकीतून हवा पाहतात, मगच व्यायामाला बसतात. आम्हीही त्यांच्या शेजारी बसतो.